रुमालाखालचा हात

बैलबाजारात भाव तोंडानं सांगत नाहीत. घेणाऱ्याचा हात, दलालाचा हात, वरून एक रुमाल, आणि आत बोटं बोलतात. भोवती सगळा बाजार उभा असला तरी आकडा कळतो तो घेणाऱ्याला, विकणाऱ्याला आणि मधल्या दलालाला. पटलं की पंजा दाबायचा. दाबलेला पंजा मागं घेता येत नाही. मागं घेणाऱ्याला आमच्याकडं माणसात धरत नाहीत.

मी उदगीरकडच्या बाजारात सगळी हयात या रुमालावर काढली. शाळा दुसरीतच सुटली. हे अक्षराला अक्षर जोडून लिहून राहिलो. नात म्हणाली, "आजोबा, तुम्ही सांगा, मी लिहिते." नाही म्हणलं. दुसऱ्याच्या हातानं लिहिलं की ते दुसऱ्याचंच होतं. काही चुकलं तर वाचणाऱ्यानं मनातल्या मनात दुरुस्त करावं.

तर या रुमालाखाली बाईमाणसाचा हात एकीचाच आला. तो शाहीनचा.

नांदेडची पोरगी, एका नव्या कंपनीकडून आलेली. बाजार तिला डेटाबाई म्हणायचा, आधी टिंगलीनं, मग सवयीनं. बारीक अंगाची, डोळ्याला जाड भिंगाचा चष्मा, गळ्यात ओढणी आणि पायात पोरांसारखे बूट, शेणात बरे पडतात म्हणून. लाज वाटली की तिचे कान लाल व्हायचे. मग ती चष्मा काढून ओढणीनं पुसत बसायची. चष्म्याशिवाय तिला समोरचं माणूस दिसत नसे. मला वाटतं तेवढ्यासाठीच काढत असावी.

पहिल्या दिवशी आली ती थेट माझ्या दावणीला. एका शेतकऱ्याचा देवणी बैल उभा होता. त्याला म्हणाली, "मालक, ह्याच्या नाकाचा फोटो घेऊ का?"

"बैलाच्या नाकाचा?"

"हौ. माणसाच्या अंगठ्यासारखं असतं ते. एकाचं दुसऱ्याला नसतं."

"मग घ्या की. इचारता कशाला? बैल लाजतो काय?"

"बैल तुमचा आहे ना, म्हणून तुम्हाला विचारलं."

मी मिशीवरून हात फिरवला, पटका नीट केला आणि बैलाशेजारी उभा राहिलो. तिनं फोन खाली घेतला. "अप्पा, जरा बाजूला व्हा. तुमचा चेहरा येऊन राहिला."

"येऊ दे की. ह्या चेहऱ्यावर लोकं बैल घेतात."

"घेत असतील. पण मला तुमच्या चेहऱ्याचं काम नाही. ज्याचं काम नाही ते घ्यायचं नाही."

लई राग आला. इतकी वर्षं बाजारात उभा, पण फुकटचा माझा फोटो नको म्हणणारं माणूस तोवर भेटलं नव्हतं.

'विचारलं का?' हे तिचं पालुपद. तिच्या कंपनीसाठी दलालानं फोटो काढला की ही हजर. मालकाला विचारलं का? परवानगीचा कागद वाचून दाखवला का? तो कागद ती स्वतः वाचून दाखवायची. आधी मराठीत, मग तिच्या दखनीत, आणि निलंग्याकडचा कुणी आला की कानडी येणाऱ्या माणसाला शोधून आणून त्याच्या तोंडून. माणसं उभ्या उभ्या पेंगायची. आमचा बाबूमियाँ, माझ्याइतकाच जुना दलाल, एकदा म्हणाला, "बेटी, आमचा निकाह इसके आधे टैम में हुआ." चहावाला तर तिला बघितलं की कपातली माशी दाखवायचा, "बाई, काढू का? तिला इचारलं न्हाई अजून." ती हसायची. सगळ्यांसोबत, सगळ्यांच्या आधी.

काम काय तर एक मशीन शिकवायचं. मी विचारलं, बैलबाजारात मशीनचं काय? ती जमिनीवर बोटानं रेघा ओढून सांगायला लागली. मशीनला लई बैल दाखवायचे, प्रत्येकाचा भाव सांगायचा. मग नवा बैल दाखवला की ते आपणच भाव सांगतं. खेड्यातल्या माणसाला घरबसल्या कळेल आपल्या जनावराची किंमत किती, विमा मिळेल, कुणी फसवणार नाही.

"म्हंजे नवा दलाल तयार करून राहिलीस."

"हौ अप्पा. पण हा दलाली मागत नाही."

"म्हातारा बी होत न्हाई."

"न्हाई," ती म्हणाली, "आणि त्याला लाजही नसते. ती आपणच लावावी लागते." एवढं बोलून तिनं त्या रेघा बुटानं पुसून टाकल्या. ही तिची सवयच होती. मातीत काही लिहिलं तर उठण्याआधी पुसायचं. मग तिथं नुसता कुत्र्याचा कान काढलेला का असेना.

दुसऱ्याचं उघड्यावर ठेवायचं नाही, ही शिकवण तिच्या अब्बांची. ते नांदेडला बायकांचे कपडे शिवायचे. गावातल्या निम्म्या बायकांची मापं त्यांच्यापाशी. एकदा एका मुलीच्या होणाऱ्या सासूबाई आल्या आणि म्हणाल्या, मुलीचं सहा महिन्यांपूर्वीचं माप आणि आत्ताचं माप, दोन्ही सांगा. अब्बांनी सुई तोंडातून काढली. म्हणाले, "बाईसाहेब, कापड आणा, शिवून देतो. माणसाचं माप विकायचं दुकान पुढं कुठं असेल तर बघा." पोरगी तेव्हा बाजूला काजं करत बसलेली. पुढं ती विष्णुपुरीच्या कॉलेजात इंजिनेर झाली, बेंगलोरला मोठ्या कंपनीत गेली, लोकांची माहिती कुठं वापरावी कुठं नाही हे बघायचं काम तिला मिळालं. मला सांगायची, "अप्पा, मला पगार 'नको' म्हणायचा होता. हे नको, ते नको. ऐकायचा पगार मात्र तिथं कुणालाच नव्हता." म्हणून तिनं ती नोकरी सोडली आणि या नव्या कंपनीत आली. इथं निदान बैलांचं काम, माणसांचं नाही, असं तिला वाटलं.

फोटो मिळाले, भाव मिळेनात. रुमालाखालचा आकडा दलाल मशीनला कसा देईल? दर बाजाराला ती चहाच्या टपरीवर येऊन बसली. कुणाला मस्का लावला नाही, कुणाला लालूच दाखवली नाही. शेवटी मीच गेलो.

"तुझ्या कागदात काय काय हाय, ते एकदा तोंडानं सांग."

"नाव लागणार नाही. आकडा फक्त मशीनला शिकवायला. दुसऱ्या कुणाला दाखवणार नाही. परत मागितला तर काढून टाकीन."

"कागदाचं मला कळत न्हाई. जबान?"

ती थोडा वेळ माझ्या खांद्यावरल्या रुमालाकडं बघत राहिली. मग तिनं हात पुढं केला. बाजार थबकला. बाबूमियाँ तोंडातलं पान चावायचा थांबला. मी रुमाल टाकला. आत तिनं माझा पंजा दाबला, चांगला घट्ट, शिवणकामातल्या माणसाच्या हाताला असतो तसा जोर होता.

त्या दिवसापासून माझे आकडे मशीनला जायला लागले. माझे गेले म्हणून बाकीच्यांचे गेले. लिहायची गरज नव्हती. नाकाचा फोटो काढायचा आणि फोनमध्ये बोलून टाकायचं. मला तर मजाच वाटायची. दुसरीत सुटलेला मी मास्तर झालो होतो.

पण मशीन चुकायचं. एकसारखे दोन बैल, एक उंच भावानं गेला, एक पडत्या भावानं. मशीनला कळेना का. शाहीन कपाळाला हात लावून बसली. मी म्हणलं, "अगं, पहिला मालक हौसेनं विकून राहिला. दुसऱ्याच्या घरी लग्न हाय. त्याला थांबायला सवड न्हाई."

"हे तुम्हाला कसं कळतं?"

आता आमच्या बाजारातलं पहिलंच वाक्य असतं ते हे. 'का विकून राहिलात?' दलालानं हे विचारायचंच, आणि मालकानं खरं सांगायचं. बैलाला खोड आहे म्हणून विकतो, की घरात नड आहे म्हणून? खोड असली तर घेणाऱ्याला सांगायची. नड असली तर पोटात ठेवायची. माझ्या पोटात किती घरांची नड पडून आहे, ते माझ्या बायकोलाही माहीत नाही.

शाहीनचे डोळे चमकले. फोनमध्ये तिनं एक नवा रकाना केला, विकण्याचं कारण. मला विचारलं, "अप्पा, हे सांगाल का? नाव तर लागतच नाही."

मी म्हणलं, "हाव. का न्हाई?"

गयाबाई जवळच्याच गावची. नवरा लातूरला दवाखान्यात, पोटाचं ऑपरेशन ठरलेलं. बैल घेऊन एकटीच आली. बाई रुमालाखाली हात घालत नाही. तिच्या वतीनं दलाल बोटं धरतो आणि आकडा तिच्या कानात सांगतो. तिनं मला सगळं सांगितलं. त्या बाजाराला मनासारखा भाव आला नाही, मी म्हणलं, पुढच्या बाजाराला ये. बैलाच्या नाकाचा फोटो काढला. "फोटो काढतो गं," एवढं म्हणालो. तिनं मान हलवली. ती निघून गेल्यावर फोनमध्ये बोललो, मालक दवाखान्यात.

पुढच्या बाजाराला एक बाहेरचा घेणारा आला. बैलाचे दात बघितले नाहीत, खुरं बघितली नाहीत, चालवून बघितलं नाही. फोन नाकासमोर धरला आणि हसला. मग रुमालाखाली हात घालून असा आकडा धरला की मी हात झटकला. पुन्हा घातला, पुन्हा तोच आकडा. आणि मोठ्यानं म्हणाला, "अप्पा, कशाला ताणता? मावशीचे मालक दवाखान्यात हायेत. पुढल्या बाजारापर्यंत त्या थांबत न्हाईत."

गयाबाईनं त्याच्याकडं बघितलं नाही. माझ्याकडं बघितलं.

"अप्पा," ती म्हणाली, "तुमालाच सांगितलं होतं की."

बैल त्याच आकड्याला गेला. पंजा मीच दाबला, दाबावा लागला. आकडा सांगणार नाही, तो गयाबाईचा आहे. घरी जाताना वाटेत दोन ओळखीच्या माणसांनी राम राम केला नाही. त्यांनी बघितलं नसेलही. पण मला तसं वाटलं, आणि आजही कुणी नमस्कार चुकवला की तसंच वाटतं.

शाहीन तेव्हा कंपनीच्या पुण्याच्या हापिसात होती. मी फोन लावला आणि जे तोंडात आलं ते बोललो. तिच्या अब्बांपर्यंत गेलो. "त्यांनी माप इकलं असतं का?" असं विचारलं. 

"अप्पा, मला माहीत नव्हतं. बघते."

काही दिवसांनी तिचाच फोन आला. आवाज बसलेला. कंपनीनं घेणाऱ्यांसाठी एक वेगळी सोय काढली होती. बैलाच्या नाकावरून मशीन ओळखायचं की हा बैल मागच्या बाजारालाही होता, विकला गेला नाही, विकायचं कारण अमुक. आणि सांगायचं, मालक आणखी खाली येईल.

"ते म्हणतात, नाव कुठं दिलंय? खरंय, नाव नाही दिलं. पण बाजारात मालकाला नावानं कोण ओळखतं? बैलावरूनच ओळखतात."

"मग काढून टाक. परत मागितलं तर काढीन, जबान होती तुझी."

"फोटो काढले अप्पा. आकडे काढले. पण मशीन त्यावरून शिकून बसलं. चहात गूळ विरघळला. आता तुम्ही म्हणता, खडा परत दे."

"मग चहा ओतून दे."

"चहा कंपनीचा आहे."

तिनं 'नको' म्हणून बघितलं. तिचं ते जुनंच काम. ऐकलं नाही कुणी. मग ती नोकरी सोडून आली. थेट बाजारच्या दिवशी, एसटीनं, हातात एक पिशवी. पाण्याच्या हौदाच्या कट्ट्यावर चढली आणि बोलायला लागली. आवाज बारीक, बैलांच्या घुंगरांत निम्मा बुडालेला.

"तुम्ही सांगितलेली कारणं मी मागवली होती. ती तुमच्याविरुद्ध वापरली गेली. मी काढून देईन म्हणाले होते, ती मला काढता आली नाहीत. माझी चूक आहे. फोन नाकाजवळ आणणाऱ्याला बैल दाखवू नका."

माणसं हसली. बाजारात आजवर कुणी कट्ट्यावर चढून चूक सांगितलेली नव्हती. लोकांना वाटलं, काहीतरी विकायला आली. एकानं विचारलं, "बाई, नुकसानभरपाई कवा मिळणार?" दुसरा म्हणाला, "माशीला इचारलं का?" सगळा बाजार हसत सुटला. तिचे कान लाल झाले. पण त्या दिवशी तिनं चष्मा काढला नाही. तसाच ठेवून सगळ्यांकडं बघत राहिली.

मी तिथंच होतो, हौदापासून चार पावलांवर. मी एक शब्द बोललो असतो तर बाजार चूप झाला असता, एवढा माझा दरारा होता. मी पटका सारखा करत राहिलो.

शेवटी बाबूमियाँ पुढं झाला. "अरे चूप बैठो. बेटी, उतर नीचे, पाणी पी." उतरल्यावर ती माझ्याकडं आली. "अप्पा, गयाबाईंचं गाव दाखवता?"

वाटेत जीपमध्ये ती म्हणाली, "तो रकाना वरच्यांनी मागितला नव्हता. मीच काढला. मशीन भाव चुकवत होतं, ते मला बघवत नव्हतं." मग पुढं, "ज्याचं काम नाही ते घ्यायचं नाही म्हणायचे मी. ह्याचं तर काम होतं ना. म्हणून घेतलं."

ती बाजाराला, चहावाल्याला, बैलाच्या मालकाला, सगळ्यांना 'विचारलं का?' म्हणायची. मला त्या जीपमध्ये म्हणाली नाही. म्हणायला पाहिजे होतं. विकायचं कारण गयाबाईचं होतं. देणारा मी कोण? पंजा माझा आणि शाहीनचा दाबला गेला, आणि रुमालाखाली जे होतं ते तिसरीचंच होतं. हे शाहीनला माहीत होतं. मी वाट बघत बसलो की ती आता म्हणेल. तिनं खिडकीबाहेर तोंड केलं.

गयाबाईच्या अंगणात लिंबाखाली बाजेवर तिचा नवरा पडलेला, डोळे मिटलेले. ऑपरेशन झालं होतं. कडेला रिकामा खुंटा. गयाबाईनं तांब्या भरून आणला. शाहीननं तो हातात घेतला आणि उभ्यानंच, हळू आवाजात म्हणाली, "मावशी, अप्पांनी त्या माणसाला काही सांगितलं नव्हतं. ते माझ्यामुळं झालं."

गयाबाई तिच्याकडं बघत राहिली. "तुला मी कवा सांगितलं, माय? तुला तर मी आजच बघून राहिले."

शाहीननं तांब्या खाली ठेवला. मशीन, रकाना, असं काहीतरी सुरू केलं आणि सोडून दिलं. गयाबाईनं सावकाश मान वळवली आणि दुसऱ्यांदा माझ्याकडं बघितलं. मी खांद्यावरचा रुमाल काढला, झटकला, परत ठेवला.

"मीच सांगितलं, गया," मी म्हणालो.

"हाव," ती म्हणाली. "कळलं."

मग बाजेकडं नजर टाकून तिनं आवाज आणखी खाली आणला. "आता एक करा. मालकाला आकडा सांगू नका. मी वाढवून सांगितला हाय. टाके अजून ओले हायेत त्यांचे."

तेवढ्यात बाजेवरून आवाज आला. "कोन हाय?"

"अप्पा आल्येत बाजारातले. आन फोनमधल्या बाई, त्या बैलाच्या नाकाचा फोटो काढत्यात त्या."

तो कोपरावर उठला. चेहरा उतरलेला, पण हौस जागी. "या या. बाई, तुमच्या मशीनला म्हणं समदं कळतं. आमचा बैल कितीला गेला, तुमाला ठावं असंल. हिच्या बोलण्यावर माझा भरोसा न्हाई, हिनं सांगितला तो आकडा बी मला कमीच वाटतो."

सगळ्या बाजाराचे आकडे जिच्यापाशी होते, ती पोरगी त्याच्या बाजेपाशी खाली बसली. तिचे कान लाल झाले.

"मालक," ती म्हणाली, "रुमालाखालचं मला कसं कळणार?"

तो खूश होऊन हसला, पोटाला हात धरून हसला. "बगा अप्पा! मशीन मोठं, पन रुमालाखालचं त्याला बी दिसत न्हाई!"

"न्हाई," मी म्हणालो. शाहीननं चष्मा काढला आणि ओढणीनं पुसायला लागली. लई वेळ पुसत होती.

आम्ही फाट्यावर आलो. नांदेडची एसटी लांबून दिसली. मी विचारलं, आता काय करणार? म्हणाली, हे काम सोडायचं नाही, दुसरीकडं करायचं, माणसांच्या बाजूनं. कुठं ते अजून ठरलं नाही. एसटी जवळ आली. तिनं हात पुढं केला, नुसता निरोपाचा. मी सवयीनं वर रुमाल टाकला आणि आत तिचा पंजा धरला. म्हणालो, "पोरी, आता कुठंबी जा. पण पुन्हा कुणाच्या घरचं असं बाहेर जाऊ देनार न्हाईस. जबान?"

रुमालाखाली तिचा हात माझ्या हातात होता. ऊन, थोडा घामेजलेला. मी वाट बघितली. कंडक्टर ओरडला. तिनं पंजा दाबला नाही. बोटं तशीच मोकळी ठेवली, मग हळूच हात काढून घेतला आणि एसटीत चढली.

खिडकीशी बसताना दिसली. चष्मा घातलेला होता, आणि ती सरळ माझ्याकडं बघत होती.